डीपफेक ओळखणारं ॲप घ्यावं का? वापरून मग लिहिलेला रिव्ह्यू

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. फोटो, व्हिडिओ नाहीतर आवाजाची क्लिप टाकली की ती एआयने बनवलीये (म्हणजे डीपफेक आहे) का खरी आहे ते सांगणारं एक ॲप मी सबस्क्रिप्शन घेऊन वापरलं. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण ह्या प्रकारातली अजून काही ॲप्स फ्री ट्रायलवर बघितली, सगळी थोड्याफार फरकाने तशीच चालतात आणि दुखणीही तीच आहेत, त्यामुळे एकाच कंपनीला झोडपण्यात काही अर्थ नाही. माझ्याकडून ५ पैकी २ स्टार. घाईत असाल तर इतकंच लक्षात ठेवा की पैसे भरायची गरज नाही, फुकटात मिळणाऱ्या गोष्टींनी ह्याच्यापेक्षा जास्त काम होतं आणि त्या कशा वापरायच्या तेही खाली लिहिलंय.

ॲप घ्यायचं कारण साधं होतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळपासून काही ना काही येऊन पडत असतं आणि "अगं हे खरं आहे का बघ ना" म्हणून सगळे मला पाठवतात, आधी हे महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं आता रोजचं झालंय, म्हटलं एक बटण दाबून उत्तर मिळत असेल तर बरंच आहे की.

वापरायला सोपं आहे, त्यात वाद नाही. फाइल टाकायची, थोडं थांबायचं, मग एक गोल येतो आणि त्यात टक्के येतात. व्हिडिओ असेल तर माणसाच्या ओठांभोवती, गालांवर लाल-पिवळे डाग दाखवतं, जिथे लाल तिथे गडबड. बघताना अगदी लॅबमधून रिपोर्ट आल्यासारखं वाटतं आणि माझा पहिला आक्षेप तिथेच आहे, रिपोर्टचा थाट आहे पण आत तेवढा दम नाही. "६२% एआय" असं आलं तर मी मावशीला काय सांगू? फॉरवर्ड कर की नको करू? त्या ६२ टक्क्यांचा अर्थ काय, कशावर आधारलेले, हे ॲपमध्ये कुठेच नीट लिहिलेलं नाही.

मी एक साधी टेस्ट केली, तुम्हीही करून बघा. रस्त्यावर पाणी भरलंय आणि गाड्या तरंगतायत अशी एक छोटी क्लिप एआयकडून स्वतःच बनवून घेतली. ती जशीच्या तशी ॲपमध्ये टाकली तर लगेच नव्वदच्या वर, "एआय निर्मित", एकदम बरोबर. मग तीच क्लिप बहिणीला मेसेजवर पाठवली, तिने मला परत पाठवली, आणि ती चालू करून मी फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग केलं, म्हणजे लोकांपर्यंत क्लिप ज्या अवस्थेत पोचते तशी करून घेतली. आता ॲपचा आकडा निम्म्याच्या खाली आणि शेजारी हिरवी टिक, "बहुधा खरा". क्लिप तीच, गाड्या त्याच, पाणी तेच. असं का होतं तर ही ॲप्स चित्रात काय घडतंय ते फारसं बघत नाहीत, ती मुख्यतः पिक्सेलमध्ये राहिलेल्या बारीक खुणा शोधतात, एआयने चित्र बनवताना एक विशिष्ट प्रकारचा पॅटर्न मागे राहतो तो. मेसेजवर पाठवताना, पुन्हा अपलोड करताना व्हिडिओ कॉम्प्रेस होतो आणि त्या खुणा पुसत जातात. म्हणजे ॲप सगळ्यात चांगलं चालतं ते ओरिजिनल फाइलवर, आणि ओरिजिनल फाइल असते ज्याने बनवली त्याच्याकडे. आपल्या हातात येतं ते पन्नास फोनमधून फिरून आलेलं.

उलटं पण होतं. रात्री कमी उजेडात भाचीचा फोटो काढला होता, माझ्या हाताने, माझ्या फोनने, तो टाकला तर "एआय असण्याची दाट शक्यता". हल्लीचे फोन नाइट मोडमध्ये एकापाठोपाठ एक फ्रेम घेऊन एकत्र करतात, दाणे गुळगुळीत करतात, कडा शार्प करतात, तो सफाईदारपणा ॲपला खोटा वाटतो.

हे फक्त माझ्याच ॲपचं आहे असं नाही. फेसबुकने २०२० मध्ये डीपफेक ओळखण्याची मोठी स्पर्धा घेतली होती, जगभरातून टीम्स आल्या होत्या, आधी दिलेल्या व्हिडिओंवर सगळ्यात चांगल्या मॉडेलची अचूकता ८२ टक्क्यांच्या वर गेली आणि कधी न बघितलेल्या व्हिडिओंवर पहिला नंबर आलेलं मॉडेल ६५ टक्क्यांवर थांबलं. आणि खरी दुनिया म्हणजे कधी न बघितलेलेच व्हिडिओ. लिखाणाचंही तेच, ओपनएआयने स्वतः जानेवारी २०२३ मध्ये एआयचा मजकूर ओळखणारं टूल काढलं, त्यांच्याच चाचणीत ते एआयने लिहिलेल्यातलं फक्त २६ टक्के पकडत होतं, जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्यांची ही गत. अमेरिकेत तर ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०२५ मध्ये वर्काडो नावाच्या कंपनीवर कारवाई केली, जाहिरातीत ९८ टक्के अचूक म्हणत होते आणि स्वतंत्र चाचणीत निघालं ५३ टक्के. नाणं उडवलं तर पन्नास येतातच. त्यामुळे ॲप स्टोअरवर "९९% अचूक" असं लिहिलेलं दिसलं की आधी कोणी, कशावर, कधी तपासलं ते शोधा, बहुतेक ठिकाणी ते लिहिलेलंच नसतं.

आणि समजा ९५ टक्के अचूक असलं तरी? हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. धरा १००० व्हिडिओ आले, त्यातले २० एआयचे. ॲप २० पैकी १९ पकडेल, छान. पण उरलेल्या ९८० खऱ्या व्हिडिओंपैकी ५ टक्के, म्हणजे ४९, तेही खोटे म्हणून दाखवेल. म्हणजे लाल शिक्का बसलेले झाले ६८ आणि त्यात खरोखर खोटे फक्त १९. दर तीन-चार लाल शिक्क्यांमागे एकच बरोबर. कंपनी ९५ म्हणते ते खोटं नाहीये, पण आपल्याला जे वाटतं ते त्या ९५ मधून निघत नाही.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, आणि ह्यासाठीच मी तीनचे दोन स्टार केले. ती हिरवी टिक. ॲप फक्त एवढंच बघतं की पिक्सेल एआयने बनवलेत का. पण व्हिडिओ खरा असूनही त्याच्यासोबत सांगितलेली गोष्ट शंभर टक्के खोटी असू शकते, आणि बहुतेक वेळा खोटेपणा असाच येतो. जुन्या दंगलीचा व्हिडिओ कालचा म्हणून, एका देशातला भूकंप दुसऱ्या देशातला म्हणून. आर्मा ३ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे, त्यातली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून इतकी फिरली की गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीला २०२२ मध्ये जाहीरपणे समजावून सांगावं लागलं की हे आमच्या गेममधलं आहे, आणि कसं ओळखायचं तेही. मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नेत्या नॅन्सी पेलोसींचा व्हिडिओ फिरला, त्यात त्या दारू पिऊन बोलतायत असं वाटत होतं, तिथे एआयचा संबंधच नव्हता, फक्त स्पीड कमी करून ७५ टक्क्यांच्या आसपास आणला होता. असल्या गोष्टींवर एआय शोधणारं ॲप हिरवी टिक देऊन मोकळं होणार, कारण त्याच्या हिशेबाने तो "खरा" आहे.

आमच्या ग्रुपवर नेमकं हेच झालं. एका काकांनी हेच ॲप फ्रीमध्ये घेतलं आणि गर्दीत मारहाण चाललीये असा एक व्हिडिओ, खाली एका समाजाचं नाव घालून आलेला, त्यांनी तपासला. हिरवी टिक आली. मग त्यांनी व्हिडिओ आणि टिकचा स्क्रीनशॉट दोन्ही एकत्र पाठवलं, वर लिहिलं "चेक केलंय, खरा आहे". आधी जे लोक नुसतं बघून सोडून देत होते त्यांनीही तो पुढे ढकलला कारण आता पुरावा होता ना. मी व्हिडिओतल्या एका फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून रिव्हर्स इमेज सर्च केलं, म्हणजे फोटो टाकून तो आधी कुठे आलाय ते शोधलं, तर तो कित्येक वर्षं जुना, दुसऱ्याच देशातला, आणि भांडणाचं कारणही भलतंच. काकांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनी तर इतरांपेक्षा जास्त काळजी घेतली होती. म्हणून मला कंपनीचा राग येतो. "एआयच्या खुणा सापडल्या नाहीत" असं लिहायला काय जातं? "खरा" हा शब्द लिहायचा त्यांना काही अधिकार नाही.

आवाजाच्या बाबतीत तर ॲप फारच कच्चं आहे. त्याला फाइल लागते, आणि फसवणुकीचा फोन काही फाइल म्हणून येत नाही, तो वाजतो आणि पलीकडून मुलगा रडत असतो की ॲक्सिडेंट झालाय लगेच पैसे पाठव. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्येच दाखवलं होतं की तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल होते, आणि तीन सेकंद आपण कुठल्याही रीलमध्ये बोलतोच. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ च्या निवडणुकीच्या अगदी दोन दिवस आधी मिखाल शिमेच्का ह्या नेत्याचा आणि एका पत्रकार बाईंचा आवाज असलेली क्लिप आली, मतं विकत घेण्याचं बोलणं, दोघांनीही लगेच खोटी म्हणून सांगितलं पण तेव्हा प्रचारबंदी लागू होती, म्हणजे खुलासा करायचीच अडचण. टायमिंग बघा. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना बायडन ह्यांच्या आवाजात फोन गेले की प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात) मत देऊ नका, ज्याने ते करवून घेतलं त्याला पुढे ६० लाख डॉलर दंड लावला आणि अशा फोनमध्ये एआयचे आवाज वापरणं बेकायदेशीर ठरवलं. पण ते सगळं नंतर. फोन वाजला त्या क्षणी कुठलं ॲप होतं?

व्हिडिओ कॉलवर भरवसा ठेवणाऱ्यांनी अरुप ह्या इंजिनिअरिंग कंपनीचं प्रकरण वाचा. हाँगकाँगमधल्या त्यांच्या कर्मचाऱ्याला ईमेल आला तेव्हा त्याला संशय आला होता, बरोबर आला होता. मग व्हिडिओ कॉलवर ओळखीचे साहेब आणि सहकारी दिसले आणि त्याचा संशय फिटला. ते सगळे चेहरे बनावट होते. गेले २० कोटी हाँगकाँग डॉलर, म्हणजे साधारण अडीच कोटी अमेरिकन डॉलर. ही बातमी २०२४ ची आहे आणि त्यानंतर तंत्र पुढेच गेलंय.

मग करायचं काय? फोनसाठी मी दोनच गोष्टी सगळ्यांना सांगते. कितीही घाई असली तरी फोन ठेवायचा आणि आपल्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. आणि घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवायचा, जो कुठेही लिहिलेला नाही, पैशाची गोष्ट निघाली की विचारायचा. आमच्याकडे ठरलाय आणि धाकट्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. हे करायला कुठलं सबस्क्रिप्शन लागत नाही.

फोटो-व्हिडिओसाठी: गूगल लेन्सवर फोटो टाका, टिनआय नावाच्या साइटवर टाका, टिनआयमध्ये सगळ्यात जुना आधी असा क्रम लावता येतो तो लावा, जुना सापडला की निम्मा प्रश्न सुटला. व्हिडिओ असेल तर इनव्हिड नावाचं ब्राउझर एक्स्टेंशन आहे, फुकट आहे, पत्रकार वापरतात, ते व्हिडिओचे महत्त्वाचे फ्रेम वेगळे काढून देतं आणि तिथूनच सर्च करता येतं. ते जमत नसेल तर व्हिडिओ थांबवून दोन-तीन ठिकाणी स्क्रीनशॉट काढा आणि शोधा, पाट्या, गाड्यांचे नंबर, दुकानांची नावं दिसतील असे फ्रेम घ्या. आणि स्वतःला विचारा की एवढी मोठी घटना झाली असेल तर हा एकच अँगल का आहे? २२ मे २०२३ ला पेंटागॉनजवळ, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयाजवळ, स्फोट झाल्याचा एआय फोटो ब्लू टिकवाल्या अकाउंटवरून फिरला, अमेरिकेचा शेअर बाजार थोडा वेळ खाली आला. तो उघडा पडला तो कुठल्या ॲपमुळे नाही. इतक्या गजबजलेल्या जागी दुसऱ्या कोणाचाच फोटो कसा नाही हे लोकांच्या लक्षात आलं, कुंपण इमारतीत विरघळलेलं दिसलं, आणि तिथल्या अग्निशमन दलाने काही झालेलं नाही म्हणून सांगितलं.

बोटं मोजा, डोळे मिचकावतोय का बघा हे सल्ले मात्र आता सोडून द्या. डोळे मिचकावण्यावरून ओळखायची पद्धत २०१८ मध्ये आली आणि थोड्याच दिवसांत डीपफेक मिचकावायला लागले.

ॲपची एक गोष्ट चांगली आहे ती सांगितलीच पाहिजे. फाइलमध्ये कंटेंट क्रेडेन्शियल्स असतील तर ते वाचून दाखवतं. अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी मिळून २०२१ मध्ये सी२पीए नावाने हे सुरू केलं, फोटो कधी कुठल्या कॅमेऱ्याने काढला, कशात एडिट केला ह्याची सही फाइललाच चिकटवलेली असते, लायकाचा एम११-पी हा २०२३ मधला कॅमेरा तर काढतानाच ती सही करतो. मला हा मार्ग पटतो कारण इथे खोटं पकडायच्या मागे धावायचं नाही, खऱ्याने स्वतःचा पुरावा बरोबर आणायचा. गूगलचं सिंथआयडी वॉटरमार्क (डोळ्यांना न दिसणारी खूण) पण आहे पण ते मुख्यतः गूगलच्या एआयने बनवलेल्यावर. अडचण अशी की स्क्रीनशॉट काढला की क्रेडेन्शियल्स गेले, आणि बहुतेक फोटोंना ते नसतातच, त्यामुळे नाहीत म्हणून फोटो खोटा असं अजिबात म्हणता येत नाही. ॲप ह्या बाबतीत नीट सांगतं, तेवढ्यासाठी एक स्टार.

ह्या सगळ्यात अजून एक धोका आहे ज्याबद्दल कमी बोललं जातं. आता खरा पुरावा पण "एआय आहे" म्हणून उडवून लावता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कमला हॅरिस ह्यांच्या डेट्रॉइटमधल्या सभेची गर्दी एआयने बनवलीये असं ट्रम्प ह्यांनी जाहीर म्हटलं, प्रत्यक्षात तिथे पत्रकार होते, व्हिडिओ होते, हजारो माणसं होती. माझ्या भाचीच्या फोटोवर जसा चुकून लाल शिक्का बसला तसा उद्या कोणी अत्याचाराचा खरा व्हिडिओ काढला आणि त्याच्यावर बसला, तर ज्याने अत्याचार केला त्याला आयता बचाव मिळाला. चुकीचा लाल शिक्का हा चुकीच्या हिरव्या टिकइतकाच घातक आहे.

आणि बायकामुलींसाठी खास. २०१९ मध्ये डीपट्रेस कंपनीने ऑनलाइन डीपफेक व्हिडिओ मोजले होते तेव्हा ९६ टक्के अश्लील होते, संमतीशिवाय बनवलेले. राजकारण्यांची चर्चा होते पण सगळ्यात जास्त मार इथे बसतो. अशा वेळी ॲपने "९४% एआय" सांगून त्या मुलीला काय मिळतं? ते खोटं आहे हे तिला माहितीच असतं. कृपा करून असा फोटो तपासायला म्हणून कुठल्याही ॲपवर अपलोड करू नका, मी वापरलेल्या ॲपच्या अटींमध्ये अपलोड केलेली फाइल मॉडेल सुधारण्यासाठी ठेवून घेऊ असं स्पष्ट लिहिलंय, बारीक अक्षरात, बरंच खाली. त्यासाठी स्टॉपएनसीआयआय नावाची फुकट सेवा आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी, फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फोनमध्येच त्याचा एक डिजिटल ठसा बनतो आणि फक्त तो ठसा सहभागी प्लॅटफॉर्म्सना जातो, ते तसा फोटो अडवतात. १८ च्या आतल्यांसाठी टेक इट डाउन नावाची तशीच सेवा आहे. ही दोन नावं आपल्या घरातल्या मुलींना आत्ताच सांगून ठेवा, वेळ येईल तेव्हा शोधायचं भान नसतं. आणि कोणी रडत सांगायला आली तर पहिला प्रश्न "असा फोटो होताच कसा" हा विचारू नका.

कोणी घ्यावं हे ॲप? ज्यांच्याकडे ओरिजिनल फाइल येतात, म्हणजे न्यूजरूम, विमा कंपन्या, वकील, त्यांना अनेक पुराव्यांपैकी एक म्हणून कदाचित उपयोग होईल. घरच्या ग्रुपसाठी घेऊ नका. माझं सबस्क्रिप्शन मी बंद केलंय. बंद करताना कारण विचारतात तिथे लिहिलं की "खरा" हा शब्द काढा, हिरवी टिक काढा, फॉरवर्ड होऊन आलेल्या फाइलवर आकडा विश्वासार्ह नाही असं ठळक दाखवा आणि रिव्हर्स सर्चचं बटण तिथेच द्या. ऑटो रिप्लाय आलाय फक्त. ह्यातलं काही खरंच बदललं तर इथे अपडेट टाकेन आणि स्टार पण वाढवेन.